जनुक शाबूत, मग पेशी अडते कुठे? रक्ताच्या कर्करोगाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ल्युकेमियाच्या निदानावर लेख आला होता. ‘हा आजार बहुतेक वेळा जनुकांच्या नियंत्रणाचा बिघाड असतो’ हे त्यातलं एक वाक्य, आणि सर्वाधिक पत्रं त्याच वाक्यावर आली. काहींनी घरच्या रुग्णाचे रिपोर्टही जोडले. त्यांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या उपचार समजावेत म्हणून. तुमच्या रुग्णाची मात्रा त्याचे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : शरीरातल्या सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. मग मज्जेतल्या एकाच मूलपेशीतून कधी तांबडी पेशी, कधी पांढरी पेशी कशी तयार होते? आणि ल्युकेमियात यातलं नेमकं काय बिघडतं? (जीवशास्त्राच्या शिक्षिका, सातारा)

उत्तर : गावाला पाण्याची टाकी एकच असते, पण कोणत्या गल्लीला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं हे वॉलमन ठरवतो. पेशीत हे काम नियामक प्रथिनांकडे असतं. माणसाच्या पेशीत प्रथिनांचा आराखडा सांगणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत, आणि कोणत्याही एका पेशीला त्यांतली सगळी एका वेळी लागत नाहीत.

एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती तो गुंडाळलेला असतो, दर गुंडाळीला सुमारे १४७ अक्षरजोड्या. गुंडाळी घट्ट असेल तिथलं जनुक वाचता येत नाही. हिस्टोनवर एसिटिल गट चढले की ती सैल होते, उतरले की पुन्हा आवळते. जनुकाच्या सुरुवातीपाशी खुद्द डीएनएवर मिथाइल गट बसले तर ते जनुक सहसा दीर्घकाळ बंद राहतं. नियामक प्रथिनं डीएनएवरचा एखादा छोटा ठरावीक अक्षरक्रम ओळखून तिथे बसतात, आणि हे गट चढवणारी किंवा उतरवणारी एन्झाइमं तिथे ओढून आणतात.

मज्जेत गाटा-१ आणि पीयू-१ या दोन नियामकांची जोडी महत्त्वाची आहे. गाटा-१ वरचढ झालं तर पेशी तांबड्या पेशींच्या किंवा बिंबिकांच्या, म्हणजे प्लेटलेटच्या, वाटेला लागते. पीयू-१ वरचढ झालं तर न्यूट्रोफिल किंवा मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या. दोन्ही प्रथिनं एकमेकांचं काम दाबतात, त्यामुळे पेशी अधांतरी राहत नाही. न्यूट्रोफिलच्या वाटेवर पुढे सीईबीपी-अल्फा हे नियामक लागतं. ते न्यूट्रोफिलची जनुकं उघडतं आणि त्याच वेळी पेशीचं विभाजनही मंदावतं.

वर्गात हा शेवटचा मुद्दा ठासून सांगावा असा आहे. पिकत जाणं आणि विभाजन थांबणं या दोन गोष्टी रक्तपेशीत एकमेकींना बांधलेल्या असतात. पूर्ण पिकलेला न्यूट्रोफिल पुन्हा दुभंगत नाही. रक्तात तो साधारण दिवसभर किंवा त्याहूनही कमी टिकतो. पण वाटेतलं एखादं नियामक बिघडलं आणि पेशी कच्च्या अवस्थेतच अडली, तर तिची दुभंगत राहण्याची क्षमता शाबूत राहते. त्यात एफएलटी-३ सारख्या वाढीचा संदेश देणाऱ्या जनुकात दुसरा दोष आला की कच्च्या पेशींचा, म्हणजे ब्लास्टचा, ढीग होतो. निरोगी मज्जेत ब्लास्ट ५ टक्क्यांच्या आत असतात. २० टक्के किंवा त्याहून अधिक झाले की अक्यूट ल्युकेमिया म्हणतात. काही ठरावीक जनुकदोष सापडले तर त्याहून कमी ब्लास्ट असतानाही हे निदान होतं.

मुलांना फरक दाखवायला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हे उदाहरण चांगलं आहे. तिथे बीसीआर-एबीएल नावाचं एन्झाइम सतत ‘वाढ’ असा संदेश देत राहतं, पण आजाराच्या सुरुवातीच्या काळात पेशी पिकतात. त्यामुळे रक्तात पिकलेल्या पांढऱ्या पेशी भरमसाट दिसतात. तो बिघाड संदेशाचा आहे, नियामकाचा नाही. म्हणूनच एन्झाइम अडवणारं इमॅटिनिब तिथे इतकं उपयोगी पडतं.

प्रश्न : माझ्या ३४ वर्षांच्या भावाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगावर काळे-निळे डाग पडले होते. रिपोर्टमध्ये ‘टी(१५;१७), पीएमएल-आरएआर-अल्फा’ असं आलं. पण डॉक्टरांनी हा रिपोर्ट यायच्या आधी, त्याच रात्री गोळ्या सुरू केल्या होत्या. इतकी घाई का? आणि ‘ही जीवनसत्त्व अ सारखी गोळी आहे’ असं सांगितलं, ती कर्करोगावर कशी चालते? (जळगाव)

उत्तर : डॉक्टरांनी केलं ते अगदी योग्य केलं. या प्रकाराला अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात एपीएल, म्हणतात. नॉर्वेतल्या लाइफ हिल्लेस्टाड यांनी १९५७ साली तीन रुग्णांवरून त्याचं वेगळं वर्णन केलं, तेव्हा रुग्ण काही आठवड्यांतच दगावत होते. मारत होता तो रक्तस्राव. या पेशींपाशी रक्त गोठवण्याची साखळी सुरू करणारे पदार्थही असतात आणि झालेली गुठळी विरघळवणारेही. दोन्ही बाजूंनी फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन आणि बिंबिका खर्ची पडतात. आजही एपीएलमधले सुरुवातीचे बहुतेक मृत्यू मेंदूतल्या किंवा फुप्फुसातल्या रक्तस्रावाने होतात, आणि ते पहिल्या काही दिवसांत होतात.

म्हणून रक्ताच्या स्लाइडवर शंका आली की एटीआरए या औषधाच्या कॅप्सूल सुरू करायच्या, जनुकांच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही, असा जगभरचा नियम आहे. स्लाइडवर लालसर-जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी, दोन पाळ्यांचं केंद्रक आणि काही पेशींत ऑअर दांड्यांचे, म्हणजे सुईसारख्या कणांचे, जुडगे दिसतात. रिपोर्ट वेगळा आला तर कॅप्सूल थांबवता येतात, दोन-तीन दिवसांच्या औषधाने फारसं बिघडत नाही. त्याच दिवसांत बिंबिका ३०,००० ते ५०,००० च्या वर आणि फायब्रिनोजेन डेसिलिटरला १०० ते १५० मिलिग्रॅमच्या वर राहील एवढ्या बिंबिका आणि क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे फायब्रिनोजेन असलेला रक्तघटक, चढवत राहतात. त्यासाठी दिवसातून एकाहून अधिक वेळा रक्त काढावं लागतं, त्याला कंटाळू नका. मानेतली मोठी नळी घालणं किंवा पाठीतून पाणी काढणं या काळात शक्यतो टाळतात.

आता रिपोर्टमधल्या आकड्यांकडे येऊ. १५व्या आणि १७व्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात अदलाबदल झाले आहेत. ही अदलाबदल एपीएलमध्ये ठरलेली असते, हे शिकागोच्या जॅनेट रौली यांनी १९७७ साली दाखवलं. १७व्या गुणसूत्रावरचं आरएआर-अल्फा हे जनुक मधेच तुटतं आणि १५व्यावरच्या पीएमएल या जनुकाला जोडलं जातं. त्यातून दोन्हींचे भाग असलेलं एक जोडप्रथिन तयार होतं.

मूळचं आरएआर-अल्फा हे नियामक प्रथिन आहे. शरीरात जीवनसत्त्व अ पासून रेटिनॉइक आम्ल बनतं, ते ओळखणं हे त्याचं काम. आम्ल नसताना हे प्रथिन डीएनएवर बसून दमनकारी प्रथिनं जवळ धरून ठेवतं. त्यांच्यासोबत हिस्टोनवरचे एसिटिल गट उतरवणारं एन्झाइम असतं, त्यामुळे पेशी पिकवणारी जनुकं बंद राहतात. आम्ल चिकटलं की प्रथिनाचा आकार बदलतो, दमनकारी प्रथिनं सुटतात आणि जनुकं उघडतात. एवढं व्हायला शरीरातली आम्लाची नेहमीची, नॅनोमोलर पातळी पुरते.

जोडप्रथिनात पीएमएलच्या भागामुळे दोन रेणू एकमेकांना चिकटून बसतात आणि दमनकारी प्रथिनं फार घट्ट धरतात. नेहमीच्या पातळीला ती सुटत नाहीत. पेशी प्रोमायलोसाइट या कच्च्या अवस्थेत अडते. एटीआरए म्हणजे तेच रेटिनॉइक आम्ल, पण गोळीने त्याची रक्तातली पातळी मायक्रोमोलरपर्यंत, म्हणजे सुमारे हजारपट, चढते. मग घट्ट धरलेली दमनकारी प्रथिनंही सुटतात आणि खुद्द जोडप्रथिनाचीही मोडतोड सुरू होते. पीएमएलऐवजी दुसरं जनुक आरएआर-अल्फाला जोडलं गेलेला एक विरळा प्रकार आहे, त्यात ११वं आणि १७वं गुणसूत्र असतं. तिथे एटीआरएचा नीट उपयोग होत नाही. म्हणून नेमकी जोडी कोणती, हे रिपोर्टात तपासावं लागतं.

औषधाने पेशी खरंच पिकतात याचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही रुग्णांच्या रक्तात पूर्ण पिकलेला न्यूट्रोफिल दिसतो आणि त्याच्या पोटात एक ऑअर दांडी असते. निरोगी न्यूट्रोफिलमध्ये ही दांडी नसते. म्हणजे ती पेशी कर्करोगाच्याच वंशातली, पण तिला मारलं नाही, पिकवलं. शांघायच्या वांग झेन्यी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली २४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा कर्करोगाच्या पेशीला पुन्हा वाटेवर आणता येतं हे रुग्णांच्या रक्तातच दिसलं. अनेक ल्युकेमियांत जनुकाच्या मजकुरापेक्षा त्याच्या वाचनाचा बिघाड मोठा असतो, आणि वाचनाचा बिघाड काही वेळा मागे फिरवता येतो. आज या क्षेत्रातलं बरंचसं काम याच आशेवर चाललं आहे.

मोठ्या माणसांसाठी नेहमीची मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला दिवसाला ४५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, जेवणासोबत. तुमच्या भावाचं शरीरक्षेत्र १.६ चौरस मीटर धरलं तर ७२ मिलिग्रॅम होतात. कॅप्सूल १० मिलिग्रॅमची असते, म्हणून सकाळी चार आणि रात्री तीन अशा सात. लहान मुलांना आणि किशोरवयीनांना बऱ्याचदा २५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने देतात, कारण त्यांना डोक्यातला दाब वाढून जोरदार डोकेदुखी होण्याचा धोका जास्त. टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं आणि जीवनसत्त्व अ च्या गोळ्या या काळात घेऊ नयेत. फ्लुकोनॅझोलसारख्या बुरशीच्या औषधाने एटीआरएची पातळी वाढू शकते, म्हणून बाहेरून आणलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवा. गर्भाला हे औषध फार घातक आहे.

प्रश्न : एपीएलसाठी एटीआरए सुरू होऊन दहा दिवस झाले. पांढऱ्या पेशी ४,००० होत्या, त्या २८,००० झाल्या. पत्नीला ताप आहे, वजनही वाढलं आहे. औषध उलटं पडतंय का? (पुणे)

उत्तर : पत्र आम्हाला मिळेपर्यंत दिवस गेले होते, म्हणून तुम्हाला वेगळं कळवलं. पण ही माहिती प्रत्येक एपीएल रुग्णाच्या घरी असायला हवी.

पांढऱ्या पेशी वाढणं हे औषध काम करत असल्याचं लक्षण आहे. अडलेल्या पेशी एकदम पिकू लागतात आणि मज्जेतून रक्तात उतरतात. पण त्या एकत्र मोठ्या संख्येने पिकताना दाहकारक पदार्थ सोडतात आणि फुप्फुसात शिरतात. ताप, धाप, पायावर सूज, दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढलेलं वजन, रक्तदाब उतरणं, लघवी कमी होणं, छातीच्या एक्स-रेवर पांढुरके पट्टे, ही सगळी डिफरन्शिएशन सिंड्रोमची लक्षणं. बहुधा पहिल्या महिन्यात होतो. नुसती शंका आली तरी १० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दर १२ तासांनी शिरेतून सुरू करतात, तपासण्या नंतर. लक्षणं तीव्र असतील तर एटीआरए आणि सोबत चालू असलेलं आर्सेनिक तात्पुरतं थांबवतात, नाहीतर चालू ठेवतात. पेशी फार वाढल्या तर त्यांची संख्या उतरवणारं हायड्रॉक्सियुरिया देतात.

घरच्यांनी करायचं काम साधं आहे. रोज सकाळी लघवीनंतर, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन घ्या आणि वहीत लिहा. पायऱ्या चढताना किंवा झोपल्यावर धाप लागली तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

दुसरी एक चूक या टप्प्यावर होते. तीन-चार आठवड्यांनी मज्जा तपासली आणि कच्च्या पेशी दिसल्या, की औषध फसलं असं समजतात. या पेशींना पिकायला वेळ लागतो, कधी ५० ते ६० दिवस. तेवढ्यात त्या स्लाइडवरून उपचार बदलू नयेत. पहिल्या टप्प्यानंतर जोडजनुक शोधणारी पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली तरी तिला फारसा अर्थ नसतो. पुढचे सगळे डोस झाल्यावर, म्हणजे कन्सॉलिडेशनच्या शेवटी, ती निगेटिव्ह येणं खरं महत्त्वाचं.

प्रश्न : एपीएलवर देतात ते आर्सेनिक म्हणजे सोमलच ना? मग ते शिरेतून देण्याऐवजी वैद्याकडून सोमलाचं औषध घेतलं तर स्वस्त पडणार नाही का? (सोलापूर)

उत्तर : कृपया असं करू नका. मूलद्रव्य तेच, पण रुग्णालयात देतात ते शुद्ध आर्सेनिक ट्रायऑक्साइडचं मोजलेलं द्रावण असतं. वजनाच्या दर किलोला ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ९ मिलिग्रॅम, सुमारे दोन तासांत शिरेतून. घरगुती किंवा बिनलेबलच्या पुडीत किती आर्सेनिक आहे आणि त्यातलं रक्तात किती जातं, याचा अंदाज बांधता येत नाही. मुख्य धोका हृदयाचा आहे. आर्सेनिकने ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबतं आणि हृदयाची लय अचानक बिघडू शकते. म्हणून पोटॅशियम लिटरला ४ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर आणि मॅग्नेशियम डेसिलिटरला १.८ मिलिग्रॅमच्या वर ठेवतात, ईसीजी वारंवार काढतात आणि क्यूटी ५०० मिलिसेकंदांपुढे गेलं तर डोस रोखतात. उलटीसाठी सर्रास दिलं जाणारं ऑन्डान्सेट्रॉनसुद्धा क्यूटी वाढवतं, म्हणून तेही विचारूनच.

आर्सेनिक चालतं ते मात्र खरं, आणि त्याची कथा चीनमधल्या हार्बिनची आहे. तिथे १९७०च्या दशकात झांग टिंगदोंग आणि सहकाऱ्यांनी एका पारंपरिक नुसख्यातून आर्सेनिकची शिरेतून द्यायची औषधं तयार केली. एटीआरए जोडप्रथिनाच्या आरएआर-अल्फा या टोकाला धरतं, तर आर्सेनिक पीएमएलच्या टोकाला. पीएमएलमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लांना ते थेट चिकटतं आणि पेशीची मोडतोड-यंत्रणा ते प्रथिन उचलून नष्ट करते. नुसत्या एटीआरएने आजार ओसरला तरी काही महिन्यांत उलटतो. दोन्ही टोकांनी धरलं की जोडप्रथिनच संपतं आणि ते नसेल तर कर्करोगाची मूळ पेशी तग धरत नाही.

इटली आणि जर्मनीतल्या रुग्णालयांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सुरुवातीला पांढऱ्या पेशी १०,००० पर्यंत असलेल्या रुग्णांत, एटीआरए आणि आर्सेनिक मिळालेल्यांपैकी ९७ टक्के दोन वर्षांनी आजार न उलटता सुखरूप होते. एटीआरए आणि केमोथेरपी मिळालेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. खर्चाचा तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि त्यावर भारतातच मोलाचं काम झालं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ७२ रुग्णांना मुख्यतः एकट्या आर्सेनिकवर ठेवून २००६ साली निष्कर्ष दिले. सुमारे ८६ टक्क्यांत आजार पूर्ण ओसरला. पैशाची अडचण असेल तर ती डॉक्टरांना पहिल्याच दिवशी उघड सांगा. उपचाराची आखणी त्यावरून बदलता येते.

प्रश्न : जनुकाच्या मजकुरात एकही चूक नसताना ते जनुक ल्युकेमिया घडवू शकतं का? आमच्या प्राध्यापकांनी ‘हो’ म्हटलं, पण उदाहरण दिलं नाही. (एम.एस्सी. विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : टाल-१ हे उदाहरण पाहा. रक्ताच्या मूलपेशींना हे नियामक लागतं, पण टी-पेशी घडू लागली की ते बंद व्हायला हवं. टी-पेशींच्या अक्यूट ल्युकेमियाच्या बऱ्याच रुग्णांत ते चालूच राहतं. काहींत त्याचं कारण गुणसूत्रांची मोडतोड असतं. काहींत जनुक, त्याचा मजकूर, त्याची जागा सगळं ठीक दिसायचं, आणि तरी एकाच गुणसूत्रावरची टाल-१ ची प्रत जोरात चालू असायची, जोडीदार गुणसूत्रावरची बंद.

बॉस्टनच्या संशोधकांनी २०१४ साली याचा उलगडा केला. जनुकाच्या सुरुवातीपासून सुमारे साडेसात हजार अक्षरं अलीकडे, जिथे कोणतंही प्रथिन लिहिलेलं नाही अशा भागात, २ ते १८ अक्षरं जादा घुसलेली होती. प्रयोगशाळांत जगभर वापरल्या जाणाऱ्या जुरकॅट या पेशींत ती १२ आहेत. या जादा अक्षरांमुळे तिथे मिब नावाच्या नियामकाला बसायला योग्य असा क्रम अपघाताने तयार झाला. मिब बसलं, त्याने एसिटिल गट चढवणारं एन्झाइम आणलं, गुंडाळी सैल झाली, मग रंक्स-१, गाटा-३ आणि खुद्द टाल-१ तिथे येऊन बसले. स्वतःच्या प्रथिनाने स्वतःचं जनुक आणखी उघडायचं, असं चक्र सुरू झालं. अशा दुरून जनुकाचं वाचन वाढवणाऱ्या तुकड्याला एन्हान्सर म्हणतात. फक्त प्रथिनं लिहिणारा भाग वाचणाऱ्या एक्झोम चाचणीत हा दोष सुटतो, हे परीक्षेत नाही तरी संशोधनात उपयोगी पडेल.

दुसरा प्रकार एन्हान्सर पळवण्याचा. तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसला की गाटा-२ या जनुकाचा एन्हान्सर तिथून निघून ईव्हीआय-१ जवळ जातो. एका घावात गाटा-२ दुबळं होतं आणि ईव्हीआय-१ माजतं. दोन्ही जनुकांचा मजकूर धड. या ल्युकेमियाचं भवितव्य दुर्दैवाने वाईट असतं.

तिसरं, केएमटी-२ए. हे ११व्या गुणसूत्रावरचं जनुक तुटून दुसऱ्या एखाद्या जनुकाला जुळतं. असे जोडीदार ऐंशीहून अधिक माहीत आहेत. तान्ह्या बाळांच्या ल्युकेमियात हा दोष फार आढळतो. जोडप्रथिनामुळे हॉक्स-ए-९ आणि माइस-१ ही मूलपेशीची जनुकं उघडीच राहतात. त्यासाठी मेनिन नावाच्या प्रथिनाचा आधार लागतो. तो आधार काढणारं रेव्ह्युमेनिब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं. त्यानेही पेशी पिकतात, आणि म्हणून त्यानेही डिफरन्शिएशन सिंड्रोम होतो.

प्रश्न : वडिलांची मज्जा तपासली तेव्हा हिरव्या आणि जांभळ्या झाकणाच्या वेगवेगळ्या नळ्या दिल्या. एकाचा रिपोर्ट दोन दिवसांत आला, दुसऱ्याला दहा दिवस लागले आणि शेवटी ‘पेशी वाढल्या नाहीत’ असं लिहून आलं. चूक कोणाची? (रत्नागिरी)

उत्तर : चूक कोणाची हे इथून सांगता येणार नाही, पण कुठे कुठे होऊ शकते ते सांगता येईल. गुणसूत्रं फक्त दुभंगणाऱ्या पेशीत सुटी दिसतात. त्यामुळे कॅरिओटायपिंगला, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीला, जिवंत पेशी लागतात आणि त्या हिरव्या झाकणाच्या, सोडियम हेपॅरिनच्या नळीत पाठवतात. प्रयोगशाळेत त्या साधारण २४ ते ४८ तास वाढवतात, कोल्सेमिड घालून दुभंगण्याच्या मध्यावर थांबवतात, पातळ क्षारद्रावणात फुगवतात, मेथॅनॉल आणि असेटिक आम्लाच्या तीनास एक मिश्रणात पक्क्या करतात, रंगवतात, आणि सहसा २० पेशींची गुणसूत्रं एकेक करून तपासतात. वेळ त्यातच जातो. नमुना बर्फात ठेवला, गोठला, उन्हात गाडीत राहिला किंवा दोन दिवसांहून उशिरा पोचला, तर पेशी मरतात. कोकणातून मुंबईला कुरिअर करताना शुक्रवारी दुपारी काढलेला नमुना सोमवारी उघडला जातो, हे नेहमीचं कारण. सोमवार ते बुधवार तपासणी ठेवता आली तर ठेवा.

जांभळ्या झाकणाची नळी ईडीटीएची, पीसीआर आणि जनुकांच्या वाचनासाठी. हेपॅरिन पीसीआरला अडथळा करतं, म्हणून नळ्या वेगळ्या. फिश चाचणीला दुभंगणाऱ्या पेशी लागत नाहीत. ठरावीक जनुकांवर चमकणारे रंग लावून साधारण २०० केंद्रकं मोजतात, म्हणून ती एक-दोन दिवसांत होते. पण फिश जे शोधायला सांगाल तेवढंच शोधते.

आणखी एक कारण मज्जा काढतानाचं. पहिल्या ओढीतले एक-दोन मिलिलिटर सर्वांत पेशीदार असतात, नंतरच्या ओढीत रक्त मिसळत जातं. सगळ्या नळ्या एकाच ओढीतून भरल्या तर शेवटच्या नळीत मज्जेपेक्षा रक्त जास्त असतं. सुईची दिशा जरा बदलून पुन्हा ओढणं हा त्यावरचा उपाय.

प्रश्न : आईला (७२) दरमहा सात दिवस अझासिटिडिनची इंजेक्शनं चालू आहेत. दोन महिन्यांत रक्ताचे आकडे सुधारले नाहीत, उलट घसरले. बंद करावं का? आणि इंजेक्शन गढूळ दिसतं, ते खराब तर नसेल? (बेळगाव)

उत्तर : गढूळ असणं हेच बरोबर आहे. १०० मिलिग्रॅमच्या कुपीत ४ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून त्वचेखाली द्यायचं जे मिश्रण बनवतात, त्यात औषध पूर्ण विरघळत नाही. देण्याआधी सिरिंज तळहातांत घोळवून एकसारखं करावं लागतं आणि खोलीच्या तापमानाला ते तासाभरात संपवावं लागतं. नेहमीची मात्रा चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम. क्षेत्र १.६ असेल तर १२० मिलिग्रॅम, म्हणजे ४.८ मिलिलिटर. ४ मिलिलिटरपेक्षा जास्त असल्याने ते दोन ठिकाणी टोचतात, आणि रोज जागा बदलतात. शनिवार-रविवार केंद्र बंद असेल तर पाच दिवस, दोन दिवस सुट्टी, मग दोन दिवस, असंही चालतं.

हे औषध डीएनएत शिरतं आणि मिथाइल गट चढवणाऱ्या एन्झाइमाला तिथेच अडकवतं. पेशी दुभंगली की नव्या डीएनएवर मिथाइल कमी पडतात. म्हणजे परिणामासाठी पेशी दुभंगावी लागते, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी थोडेच गट कमी होतात. म्हणून मात्रा मध्यम पण पुनःपुन्हा असते, आणि निदान चार ते सहा फेऱ्या झाल्याशिवाय निकाल ठरवत नाहीत. पहिल्या दोन फेऱ्यांत आकडे घसरणं अपेक्षित आहे. आजार स्पष्टपणे वाढत नसेल तर दोन महिन्यांवर सोडू नका. ताप १०० फॅरनहाइटच्या पुढे जाऊ लागला की मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठा.

जनुकांच्या रिपोर्टमध्ये आयडीएच-१ किंवा आयडीएच-२ चा दोष आहे का, हे जरूर विचारा. या दोषामुळे पेशीत २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचं आम्ल साठतं. ते टेट-२ या मिथाइल हटवण्याच्या कामातल्या एन्झाइमाला रोखतं. त्यावर आयव्होसिडेनिब आणि एनासिडेनिब या तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत. ‘जनुकं चालू करणारी’ म्हणून विकली जाणारी पूरक पावडर मात्र यातलं काहीही करत नाही. तिच्यावरचा खर्च वाचवा.

प्रश्न : धाकट्या मुलीला ल्युकेमिया झाला. हा दोष आमच्याकडून गेला का? मोठ्या मुलाचीही तपासणी करावी का? (नाशिक)

उत्तर : वर ज्या जोडजनुकांची चर्चा झाली ती जवळजवळ नेहमी आयुष्यात केव्हातरी एका रक्तपेशीत घडतात. आईवडिलांच्या बीजात ती नसतात. मुलांच्या बी-पेशींच्या ल्युकेमियातली ईटीव्ही-६ आणि रंक्स-१ ची जोडी तर बऱ्याचदा बाळ पोटात असतानाच तयार होते, तरीही ती अनुवंशिक नसते, आणि ती असलेल्या बहुतेक बाळांना ल्युकेमिया होतही नाही. तुम्ही काही खाल्लं, काही केलं म्हणून हे झालं नाही.

अपवाद थोडे आहेत. रंक्स-१, सीईबीपी-अल्फा, गाटा-२ किंवा डीडीएक्स-४१ यांतला दोष जन्मापासून असेल तर तो घराण्यात चालतो. घरात आणखी कोणाला ल्युकेमिया, पिढ्यानपिढ्या कमी बिंबिका, किंवा कारण न कळलेली कमी पांढऱ्या पेशींची तक्रार असेल तर हे डॉक्टरांना सांगा. दोष जन्मजात आहे का हे पाहायला रक्त किंवा लाळ पुरत नाही, कारण दोन्हींत कर्करोगाच्या पेशी असतात. त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवून तपासतात. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात गाटा-१ चं आखूड प्रथिन बनून जन्मतः ल्युकेमियासारखं चित्र दिसू शकतं. बहुतेकांत ते पहिल्या काही महिन्यांत आपोआप ओसरतं, पण पुढची चार वर्षं नियमित रक्त तपासत राहावं.

निरोगी मोठ्या मुलाच्या जनुकांची सरसकट तपासणी करायची गरज नाही. मात्र धाकटीला मज्जारोपण लागणार असेल आणि दाता म्हणून त्याचा विचार चालू असेल, तर एचएलए (ऊतींच्या) जुळवणीसोबत, घराण्यात वरच्यापैकी काही आढळलं असल्यास, तो दोष त्याच्यात नाही ना हे रोपणाआधीच पाहून घ्यायला सांगा.